गुदमरलेली माती

मिनेसोटा हे अमेरिकेच्या उत्तर टोकाचे राज्य. तिथल्या बेमिजी गावापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, रानातून कच्च्या तेलाची एक पाइपलाइन जाते. २० ऑगस्ट १९७९ रोजी ती फुटली. नळी ३४ इंच व्यासाची होती, लहान मूल आत उभे राहील एवढी. सुमारे १७ लाख लिटर तेल बाहेर आले. महामार्गावर दिसणारा २० हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे ८५ टँकर एकाच रानात रिते झाले. कंपनीची माणसे धावली. पंप लावले, चर खणले, तेलकट माती उचलली, काही तेल पेटवून दिले. तरी चारेक लाख लिटर हाती लागलेच नाही. ते वाळूतून खाली मुरले आणि सहा ते आठ मीटरवरच्या भूजलापाशी जाऊन बसले.

१९८३पासून अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने तिथे मुक्काम ठोकला. हे उरलेले तेल उपसण्याच्या फंदात ते पडले नाहीत. जमिनीत ठिकठिकाणी निरीक्षण-विहिरी घेतल्या आणि तेलाचे पुढे काय होते ते पाहत राहिले. जखमेला मलम न लावता ती आपली आपण कशी भरते ते बघायचे, असा हा प्रकार. वैद्यकात कुणी असे केले तर त्याला लोक मारतील. भूशास्त्रात मात्र या धीराचे फळ मिळाले.

तेलातले काही घटक पाण्यात विरघळतात. बेन्झिन, टोल्युइन ही त्यांतली विषारी मंडळी. भूजल वाहते तसे हे घटकही वाहत जाणार आणि लांबवरचे पाणी नासवणार अशी भीती होती. पण पाण्याच्या वेगावरून काढलेल्या हिशेबाइतके लांब ते गेलेच नाहीत. वाटेत कुणीतरी ते खात होते. पंचाईत अशी की ज्या थरात हे खाणे चालले होते, तिथे प्राणवायूचा पत्ता नव्हता.

इथे एक गैरसमज आधी निस्तरू. तेल सांडले की तेल खाणारा जबरदस्त जिवाणू शोधायचा आणि तिथे सोडायचा, अशी आपली कल्पना असते. या कल्पनेला एक भारदस्त इतिहासही आहे. आनंद मोहन चक्रवर्ती हे बंगाली शास्त्रज्ञ जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना त्यांनी तेलाचे अनेक घटक पचवणारा जिवाणू घडवला. जिवंत वस्तूचे पेटंट देता येते का, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल चक्रवर्तींच्या बाजूने लागला. जैवतंत्रज्ञानाचा अख्खा धंदा या निकालावर उभा आहे. तो जिवाणू मात्र कुठल्याही तेलगळतीवर प्रत्यक्षात सोडला गेला नाही. खरे तर त्याची फारशी गरजही नव्हती. तेल हा जमिनीतलाच पदार्थ. ते खाणारे जिवाणू जवळपास सगळीकडे सापडतात, आणि तेल सांडले की त्यांची पैदास आपोआप वाढते. तेलाने भिजलेल्या मातीत खाणाऱ्यांची वाण नसते. वाण असते श्वासाची.

कोणताही जीव अन्न खातो म्हणजे काय करतो? अन्नातले इलेक्ट्रॉन काढून घेतो, ते या हातातून त्या हातात देता देता ऊर्जा मिळवतो, आणि शेवटी ते वापरलेले इलेक्ट्रॉन कुणाच्या तरी गळ्यात मारतो. आपण ते प्राणवायूच्या गळ्यात मारतो. श्वास घ्यायचा तो एवढ्यासाठीच. घेणारा कुणी नसेल तर पुढचा सगळा व्यवहार ठप्प. मोरी तुंबली की भांडी घासणारी कितीही चपळ असो, नळाला कितीही पाणी असो, काम थांबतेच.

आता हिशेब बघा. १ ग्रॅम टोल्युइन पूर्ण पचवायला साधारण ३ ग्रॅम प्राणवायू लागतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे साधारण ८-९ मिलिग्रॅम. म्हणजे चमचाभरसुद्धा नसलेल्या त्या १ ग्रॅमसाठी साडेतीनशे ते चारशे लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडतो. गच्चीवरची ५०० लिटरची काळी टाकी पाऊणएक संपली, तीही एका ग्रॅमपायी. बेमिजीला चार लाख लिटर तेल होते. तिथल्या भूजलातला प्राणवायू केव्हाच संपला होता यात नवल नाही.

मग जिवाणू जगत होते कशावर? गंजावर.

याची किल्ली एका बाटलीत सापडली. डेरेक लव्हली हे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ १९८७च्या सुमारास याच सर्वेक्षण खात्यात होते. वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीच्या तळचा गाळ त्यांनी आणला होता. त्यातले जिवाणू बाटलीत वाढवायचे, खायला व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार द्यायचा आणि प्राणवायूऐवजी लोखंडाचा गंज द्यायचा, असा प्रयोग. गंज तो, तांबूस-केशरी गढूळ साका. काही दिवसांनी तो साका काळा पडला. बाटलीला बाहेरून चुंबक लावले तर काळी पूड काचेला आतून येऊन चिकटली. ती मॅग्नेटाइटची होती. चुंबकाला न जुमानणारा गंज जिवाणूंनी चुंबकाकडे धावणाऱ्या खनिजात बदलून टाकला होता. इलेक्ट्रॉन गंजाच्या गळ्यात मारले की गंजाचे हे असे होते. या जिवाणूच्या कुळाला पुढे जिओबॅक्टर हे नाव मिळाले. १९८९ साली लव्हली आणि बेमिजीवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की टोल्युइनसारखा विषारी पदार्थही गंजावर श्वास घेत पचवता येतो. बेमिजीच्या वाळूच्या कणांवर निसर्गतःच गंजाचा पातळ लेप आहे. तोच तिथे प्राणवायूची जागा चालवत होता.

गंजाचाही हिशेब आहे, आणि तो प्राणवायूपेक्षा महाग पडतो. टोल्युइनच्या एका रेणूतून ३६ इलेक्ट्रॉन निघतात आणि गंजातला लोखंडाचा एक अणू त्यांतला एकच घेतो. वजनात मांडले तर १ ग्रॅम टोल्युइनला ४० ग्रॅमहून अधिक गंज लागतो. शिवाय प्राणवायू पाण्याबरोबर थोडाफार तरी वाहत येतो. गंज जागचा हलत नाही. जवळचा संपला की संपला.

इथे एक अडचण मनात यायला हवी. प्राणवायू पेशीत शिरतो. गंज तर खडा आहे, तो पेशीत कसा शिरणार? शिरत नाहीच. जिओबॅक्टर इलेक्ट्रॉन अंगाबाहेर नेतो. त्यासाठी त्याच्या अंगातून केसाहून कितीतरी बारीक तंतू निघतात आणि त्यांतून वीज वाहते. हे तंतू नेमके कशाचे, यावर बरेच वाद झाले आणि अजून शमलेले नाहीत. २०१९ साली येल विद्यापीठातल्या निखिल मालवणकर यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यांतल्या एका तंतूची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. (आडनाव वाचून कोकणातल्या वाचकांचे कान टवकारले असतील. मालवण या प्रकरणात पुन्हा एकदा येणार आहे, जरा थांबा.) त्या तंतूत हीमचे रेणू एकामागोमाग एक रचलेले निघाले. हीम म्हणजे आपल्या रक्ताला लाल रंग देणारा, लोखंड पोटात घेऊन बसलेला तोच रेणू. आपल्या रक्तात तो प्राणवायू वाहतो, चिखलातल्या या जिवाणूकडे तो तारेचे काम करतो.

जो जिवाणू अंगाबाहेरच्या खड्यावर इलेक्ट्रॉन टाकू शकतो, तो आपण ठेवलेल्या वीजवाहक कांडीवरही टाकील. कल्पना एवढीच आहे. जिवाणूंकडून वीज मिळते हे इंग्लंडमधल्या मायकेल पॉटर या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९११ सालीच मोजून दाखवले होते. त्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. २००२ साली लव्हली आणि अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतले लेनी टेंडर यांच्या गटाने समुद्रतळच्या चिखलात ग्राफाइट पुरले, वरच्या पाण्यात दुसरे ग्राफाइट ठेवले आणि दोन्ही तारेने जोडली. वीज वाहू लागली. खालच्या ग्राफाइटवर जिओबॅक्टरच्या भाऊबंदांनी दाटीवाटीने वस्ती केली होती. ग्राफाइट आणि गंज यांत फरक असा की ग्राफाइट खर्च होत नाही. इलेक्ट्रॉन त्यातून फक्त पुढे जातात, तारेतून वर येतात आणि वरच्या टोकाशी पाण्यातल्या प्राणवायूला मिळतात. आकाशातला प्राणवायू खाली पोचवता येत नाही, म्हणून खालचे इलेक्ट्रॉन वर आणायचे. तुंबलेल्या मोरीला बाहेरून नवी नळी काढून देण्यासारखे हे काम आहे.

प्रयोगशाळेतली मांडणी पाहिली तर तिचे साधेपण डोळ्यांत भरते. तेलकट ओली माती. तिच्यात कार्बनच्या धाग्यांचा, नमद्यासारखा दाबून केलेला काळा तुकडा. त्याला जोडलेली तार, आणि सांधा डांबरासारख्या घट्ट चिकटद्रव्यात बुजवलेला, कारण उघडे तांबे गंजते आणि जिवाणूंना बाधतेही. वर हवेला लागून दुसरा कार्बनचा तुकडा. दोन्हींच्या मध्ये एक छोटा रोधक आणि त्याला लावलेला मीटर. सुरुवातीला मीटरचा काटा जागचा हलत नाही. वस्ती बसली की आकडा चढू लागतो. शेजारी अगदी तशीच दुसरी मांडणी असते, फक्त तिची तार सोडवून ठेवलेली. खरी परीक्षा या दुसरीशी तुलना करूनच होते.

तियानजिनच्या नानकाई विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली तेलाने खराब झालेल्या खारट मातीवर हा प्रयोग केला. २५ दिवसांनी कार्बनपासून एका सेंटिमीटरच्या आतल्या मातीत १५.२ टक्के तेल पचले होते. तार सोडवलेल्या मांडणीत ६.९ टक्के. म्हणजे वेग दुपटीहून जास्त. असा आकडा हातात आला की बातमीचा मथळा तयार असतो. पण तोच आकडा उलटा वाचला तर २५ दिवसांनी ८५ टक्के तेल जागेवर होते, आणि तेही कार्बनला अगदी चिकटून असलेल्या मातीत.

आणि वीज? तिची ताकद कार्बनच्या दर चौरस मीटरमागे १ मिलिवॉटपेक्षाही कमी, ०.८५. घरातला ९ वॉटचा एक एलईडी दिवा या मातीवर लावायचा झाला तर अडीच एकराहून जास्त क्षेत्रफळाचा कार्बन पुरावा लागेल. २५ दिवसांत जमा झालेला सगळा विद्युतभार मोबाइलच्या भाषेत ३५ मिलिअँपिअर-तास भरतो. तुमच्या खिशातल्या फोनची बॅटरी ५००० ची असते. ‘तेलकट मातीतून वीजनिर्मिती’ असे जे कुणी लिहितात त्यांना हा गुणाकार करायला सांगावा. या तंत्रात वीज ही कमाई नाहीच. पण ती अगदीच निरुपयोगीही नाही. जमिनीखाली सहा मीटरवर जिवाणू जेवत आहेत की उपाशी बसले आहेत, हे एरवी खोदल्याशिवाय कळत नाही; इथे वर बसून मीटर पाहिला की कळते. वैद्य नाडी धरतो तसे.

मोठ्या प्रमाणावरचा अधिक आशादायक प्रयोग अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठातल्या जेसन रेन यांच्या गटाचा, २०१४ सालचा. ५० लिटरच्या पिंपात डिझेलने भिजलेली माती भरली आणि तिच्यात नळकांड्यासारख्या दोन मांडण्या बसवल्या. एकीत ग्राफाइटचे दाणे, दुसरीत बायोचार, म्हणजे लाकूडफाट्यासारख्या जैविक वस्तू कमी हवेत भाजून केलेला कोळसा. १२० दिवसांत ८२ ते ९० टक्के तेल नाहीसे झाले, तेही मांडणीपासून ३४ सेंटिमीटरपर्यंत. पिंपच तेवढे होते. परिणाम आणखी दूर पोचेल असा त्यांचा अंदाज होता. मला यातला कोळसा महत्त्वाचा वाटतो. ग्राफाइट विकत आणावे लागते, कोळसा कुठेही पाडता येतो.

तरी अंतराचा प्रश्न सुटत नाही, आणि तो शेतकऱ्याला सर्वांत लवकर कळेल. प्रत्येक नळकांडे सभोवतीची ३४ सेंटिमीटर माती साफ करते असे धरले, तर ती सव्वादोन फूट बाय सव्वादोन फूट अंतराने लावावी लागतील. एकरी साडेआठ हजारांच्या घरात. कपाशीची लागवड नव्हे ही. प्रत्येक खड्ड्यात कार्बन, तार आणि सांधा जायचा आहे, आणि तेल जितके खोल तितका खड्डाही खोल. जमीन कोरडी झाली तर काम बंद, कारण इलेक्ट्रॉन तारेतून गेले तरी त्यांच्या जोडीचे भारित कण मातीतल्या पाण्यातूनच सरकतात. खारट मातीत ते सहज सरकतात, गोड्यात रखडतात. आणि तेलातला डांबरी भाग कुणालाच नीट पचत नाही. माती खणून भट्टीत भाजणे हा जुना उपाय आठवड्यांत संपतो, याला महिने आणि वर्षे लागतात. मात्र भट्टीतून निघालेली माती, माती उरत नाही. ज्या जागी घाई नाही आणि खोदकाम परवडत नाही, अशाच जागी हे तंत्र शोभेल असे माझे मत आहे.

इटलीतल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या फेडेरिको आउलेंटा आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली वेगळीच वाट धरली. वीज मिळवायचीच नसेल तर रोधक, मीटर, तारा हा पसारा कशाला? त्यांनी सिसिलीतल्या मेसिना बंदराचा गाळ घेतला, त्यात तेल मिसळले आणि ग्राफाइटच्या कांड्या नुसत्या उभ्या रोवल्या. खालचे टोक काळ्या चिखलात, वरचे टोक स्वच्छ पाण्यात. झाले. २०० दिवसांनी तीन कांड्यांच्या बरणीत बिनकांडीच्या बरणीपेक्षा पाचवा हिस्सा तेल कमी भरले. एकच कांडी असलेल्या बरणीत फरक साधारण त्याच्या निम्मा. या कांडीला त्यांनी नाव दिले तेलगळतीचा स्नॉर्केल. मालवण-तारकर्लीला ज्यांनी तोंडात नळी धरून, पाण्यात डोके घालून मासे पाहिले आहेत त्यांना हे नाव समजावून सांगायला नको.

गाळात एक गोष्ट जास्तीची होते. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून खारा चिखल गंजाबरोबरच सल्फेटवरही श्वास घेतो. खाडीकाठी ओहोटीला येणारा सडक्या अंड्यांचा वास हा त्याचाच उच्छ्वास. ही कांडी त्या विषारी वायूतलेही इलेक्ट्रॉन ओढून वर पोचवते.

कोकणाला हा विषय परका नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजे एकमेकांवर आदळली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल सांडले आणि भरतीबरोबर मुंबई, नवी मुंबई, रायगडच्या किनाऱ्यांवरच्या खारफुटीत शिरले. वाळूवरचे तेल फावड्याने उचलता येते. खारफुटीत माणूस गुडघ्यापर्यंत रुततो, यंत्र शिरत नाही, आणि खणायला जावे तर मुळे तुटून झाडच मरते. शिवाय तो चिखल वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायूविना असतो. खारफुटीतल्या तिवराच्या झाडाला हे ठाऊक आहे. म्हणून त्याची मुळे चिखलातून उलटी वर येतात, बोटभर उंचीची, पेन्सिली रोवल्यासारखी, आणि हवा आत घेतात. तेलाचा लेप नेमका त्यांच्यावर बसतो आणि झाड गुदमरते. इटालियन शास्त्रज्ञांनी चिखलात कांडी रोवली, ती तिवराने कधीचीच रोवून ठेवली आहे. तिच्यातून हवा खाली जाते, यांच्या कांडीतून इलेक्ट्रॉन वर येतात, फरक तेवढाच. फावडे जिथे चालत नाही अशा या चिखलात कोळशाच्या कांड्या रोवून पाहण्याचे काम आपल्या किनाऱ्यावरच्या विद्यापीठांनी हाती घ्यावे. सामान स्वस्त आहे, चिखल दारात आहे.

बेमिजीच्या विहिरींतून अजूनही नमुने काढले जातात. पाइपलाइन फुटून चाळीसहून जास्त वर्षे झाली, वाळूखाली तेल अजून आहे, आणि त्याच्या लगतच्या वाळूवरचा गंज बराचसा संपला आहे.